पुठ्ठ्यामागचा फासा

आमच्या सोसायटीत जयसिंगचं नाव काढलंत तर दोन गोष्टी ऐकायला मिळतील. एक, हा मूळ जमीनवाला, म्हणजे आपली बिल्डिंग ज्या वावरात उभी आहे ते याच्या बापाचं. दुसरी, पन्नाशीच्या या बाप्याला पोरासोरांसारखा फासे खेळायचा नाद होता आणि तो सुटला तशी त्याची म्हातारी आई सुधारली, बरं झालं. पहिली गोष्ट खरी आहे. दुसरी ज्यांनी पसरवली त्यांना मी जिन्यात गाठून सुनावलंय, तरी त्यांचं आपलं चालूच. म्हणून एकदा नीट सांगून टाकते.

मी हेमा. कर्वेनगरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, वारज्यात एकटी राहते, आणि त्या टेबलावर मी होते. ज्यांनी तो खेळ कधी बघितला नाही त्यांनी त्यावर मत देऊ नये असं माझं स्वच्छ मत आहे.

खेळ साधा आहे. चार-पाच माणसं टेबलाभोवती बसतात. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. सांगणारा म्हणतो, समोर नदी आहे, पलीकडे दरोडेखोर आहेत, तुम्ही काय करता? तुम्ही म्हणता, पोहून जाते. जमलं की बुडलात ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. मोठा आकडा पडला तर पार, लहान पडला तर गटांगळ्या. या सांगणाऱ्याला गेम मास्टर म्हणतात. आम्ही मास्तर म्हणायचो.

हे खूळ आणलं तिसऱ्या मजल्यावरच्या सुनीतीने. ती हिंजवडीला आयटीत, वय तिशीच्या आत. ऑफिसातल्या ग्रुपबरोबर ती हे खेळायची, आणि आपल्याकडेही करू म्हणून तिने सोसायटीच्या व्हॉट्सॲपवर टाकलं. अख्ख्या सोसायटीतून दोघं गेलो. एक मी, कारण शनिवारी दुपारी भिंतींशी बोलण्यापेक्षा बरं. दुसरे श्यामसुंदरकाका. हे बँकेतून रिटायर झालेले. जन्म नारायण पेठेत गेला, मुलाच्या आग्रहाने वारज्यात आले, आणि त्याबद्दल वारज्याला त्यांनी अजून माफ केलेलं नाही. जयसिंग आला तो क्लबहाउसचं कुलूप काढायला, किल्ली त्याच्याकडे असायची म्हणून. कुलूप काढून दारातच उभा राहिला. खेळ संपला तेव्हा एवढंच म्हणाला, "हे सांगायचं काम मला जमंल का हो?"

सुनीतीला ऑफिसच्या कामातून गोष्ट रचायला वेळ होत नव्हता. तिने हसत हसत फासे त्याच्या हातात दिले. "दादा, यू आर द मास्टर नाऊ," म्हणाली. यार्ड शनिवारी बंद असतं, त्यामुळे वारही त्याच्या सोयीचाच होता.

यार्ड म्हणजे मार्केट यार्ड. जयसिंग तिथे एका आडत्याच्या गाळ्यावर कांद्याचा लिलाव पुकारायचा. समोरच्याला विचार करायला उसंत द्यायची नाही, यावर त्याचं पोट. खेळातही त्याने तेच चालवलं. कुठल्याशा इंग्रजी पुस्तकातले बर्फाचे डोंगर, आग ओकणारे राक्षस, सगळं एका दमात. बर्फ त्याने जन्मात बघितला नव्हता आणि ते ऐकताना कळायचं. आम्ही नुसते बसून. एकदा श्यामसुंदरकाका म्हणाले, "जयसिंगराव, आपलं झालं की मला हाक मारा. माझा माणूस मघापासून त्या गुहेत उभा आहे. त्याचे पाय दुखत असतील."

दुसरा असता तर फासे फेकून निघून गेला असता. जयसिंगचे कान लाल झाले, पण पुढच्या शनिवारी तो तोंडात लवंग धरून आला. आम्ही बोलत असू तोपर्यंत ती चावायची नाही, असा त्याने स्वतःला नेम घालून घेतला होता. सुनीतीने पाठवलेले व्हिडिओ तो पहाटे यार्डाच्या वाटेवर ऐकायचा. आमच्यातलं कोण गप्प बसलंय हे बघायला लागला. "मॅडम, तुम्ही काय करता?" असं विचारून थांबायला शिकला. थांबणं हे किती अवघड काम आहे ते मला विचारा, मी वर्गात वीस वर्षं प्रयत्न करतेय.

मग एका शनिवारी त्याने बर्फाचे डोंगर सोडून दिले आणि गाव आणलं. ओढ्याकाठचं, डोंगराच्या कुशीतलं. गावावर डोळा ठेवून असलेला एक सरदार, आणि गाव राखणारे आम्ही.

आता सरुबाईंबद्दल सांगायला हवं. सरुबाई म्हणजे जयसिंगची आई. जमीन बिल्डरला दिली ती त्याच्या वडिलांनी, गेनबांनी. सह्या घरातल्या सगळ्यांच्या झाल्या, सरुबाईंचा अंगठाही झाला. त्यांना विचारलं मात्र कुणी नाही. पुढे गेनबा वारले. सरुबाई चौथ्या मजल्यावर राहिल्या आणि हळूहळू त्यांचं चित्त थाऱ्यावर राहीना. रोज दिवेलागणीला त्या चपला घालून दाराशी उभ्या राहायच्या. "जयशा, घरी कधी जायाचं?" त्यांचं घर जिथे होतं तिथे आता बी विंगचं पार्किंग आहे. जयसिंग एकदा त्यांना खाली घेऊन गेला, म्हणाला, "आई, ह्ये बघ, हितंच हुतं." त्यांनी गाड्यांकडे बघितलं, म्हणाल्या, "बरं. चल आता घरी." हे तो मला लिफ्टमध्ये सांगत होता आणि चौथा मजला येऊन गेला तरी आम्ही दोघं उतरलो नाही.

बायकोला शनिवारी तरी मोकळीक मिळावी म्हणून तो आईला क्लबहाउसमध्ये आणून बसवायचा. त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत डुलक्या घ्यायच्या. ज्या दिवशी गाव आलं त्या दिवशी जयसिंग सांगत होता, ओढा ओलांडला की विहीर, विहिरीवर पिंपरणीचं झाड. डोळे मिटलेल्या सरुबाई म्हणाल्या, "पिंपरनीच्या डाव्या अंगानं वाट हाय. उजवीकडं काटं हायती."

आम्ही सगळे त्यांच्याकडे वळलो. जयसिंगही सांगायचा थांबला, आणि या वेळी तोंडात लवंग नव्हती. मग त्याने अगदी हलक्या आवाजात विचारलं, "आई, त्या वाटंनं गेलं की काय लागतं?"

त्या संध्याकाळी सरुबाईंनी चपला घातल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. सोमवारी पुन्हा सुरू झालं. जयसिंग मला गेटवर भेटला तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. "मॅडम, दोन दिवस इचारलं न्हाय तिनं. आता काय बी होऊ दे, शनिवार चुकवायचा न्हाय." एरवी तो आमच्याशी जपून, शहरातलं बोलायचा. त्या दिवशी ते सुटलं.

मग सरुबाई रीतसर खेळाडू झाल्या. सुनीतीने विचारलं, आजी, तुमच्या माणसाचं नाव काय ठेवायचं? त्यांनी पट्‌दिशी सांगितलं, "तुळजाबाई." ते त्यांच्या सासूचं नाव. सासूने जन्मभर हुकूम सोडले, आता सरुबाईंची पाळी. आणि हुकूम सोडलेही. कोणती गाय कुठे बांधायची, कोणत्या वेशीवर कोण उभं राहणार. श्यामसुंदरकाकांना "ए बामना, नुस्ता बसू नगं, पानी आन" असं सांगणारी बाई मी प्रथमच बघितली. काका काय करतात म्हणून मी पाहत होते. ते मुकाट्याने म्हणाले, "मी पाणी आणतो."

सगळं चांगलं चाललं होतं, आणि तिथेच जयसिंगची गोची झाली. मास्तरचे फासे त्याच्या पुढ्यात आडोशाला पडतात, अशी या खेळात रीत आहे. जयसिंगने सफरचंदाच्या खोक्याचा पुठ्ठा उभा करून त्यामागे फासे टाकायला सुरुवात केली होती. गावावर धाड पडली. दरोडेखोरांचा फासा लहान पडला. लहान पडला म्हणून तोच सांगणार. पुन्हा धाड, पुन्हा तेच. गावातली एक काडी हलेना.

बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला हे कळणारच. श्यामसुंदरकाका चष्मा पुसत म्हणाले, "जयसिंगराव, या गावाला ग्रामदेवतेचं संरक्षण आहे की पुठ्ठ्याचं? नाही, कळलं म्हणजे बरं. पुठ्ठ्याचं असेल तर आम्ही इथे कशाला रात्रंदिवस पहारे देतोय? आपण घरी जाऊ, चहा घेऊ."

सुनीतीही म्हणाली, "दादा, आकड्यांचं फजिंग नको ना, पडला तो सांगा. मजा नाही येत."

जयसिंगने आईकडे बघितलं. मग पुठ्ठा उचलला, बाहेर जाऊन कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि परत येऊन फासा टेबलाच्या मधोमध टाकला. त्या दिवशी गावातल्या दोन गंजी जळाल्या आणि एक खोंड गेलं. मला वाटलं, आता म्हातारी कोसळणार. कुठलं काय. सरुबाई खुर्चीत ताठ बसल्या, सरदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि उरलेल्या कडब्याची वाटणी सांगायला लागल्या. त्यानंतर सोमवार गेला, मंगळवार गेला, बुधवार पण गेला, तरी त्यांनी घरी कधी जायचं ते विचारलं नाही, विचारलं ते थेट गुरुवारी. जिथे काहीच जळत नाही ते गाव त्यांना पुरतं ओळखू येत नसावं. हे माझं म्हणणं, डॉक्टरांचं नाही.

तेव्हापासून जयसिंग खऱ्या अर्थाने मास्तर झाला. मी हे उगाच म्हणत नाही. फासा उघड्यावर. खेळणाऱ्याने एकदा सांगितलं की तसंच होणार. फार झालं तर तो एकदाच विचारायचा, "नक्की?" सुनीतीने एकदा चिडून विहिरीत उडी मारते म्हटलं. "नक्की?" "हो." मारली उडी, मोडला पाय, पुढचे तीन शनिवार बाई लंगडत होती. तो कुणाला नाही म्हणायचा नाही आणि कुणाच्या वतीने ठरवायचा नाही. मी त्याला म्हटलं, तुम्ही माझ्यापेक्षा चांगले शिक्षक आहात. लाजून म्हणाला, "न्हाय हो मॅडम. आमच्या घरात कुणाला इचारायची पद्धतच नव्हती. तेवढंच करतोय."

गोष्ट शेवटाकडे आली. सरदाराची फौज खिंडीतून निघाली आणि फौज मोठी, आम्ही मूठभर. गावाच्या वर एक तळं होतं, मातीचा बांध घातलेलं. ते पहिल्यापासून तिथे होतं, पण त्याच्याकडे कुणी बघितलं नव्हतं. सुनीतीने बघितलं. "बांध फोडूया ना. फौज ओढ्यात असतानाच. लोकांना आधी टेकडीवर इव्हॅक्युएट करायचं. गाव काय, नंतर रिबिल्ड करू."

मला ती चाल पटली. फौज बुडवायला दुसरा मार्गच नव्हता. तरी मी श्यामसुंदरकाकांकडे बघितलं, कारण आमच्यात पाणी बघितलेला माणूस तोच. पानशेतचं धरण फुटलं तेव्हा ते शाळकरी होते, घरात माळ्यापर्यंत पाणी. ते शांतपणे म्हणाले, "फोडा. पाणी येतं तसं जातं. आमच्या घरात कमरेएवढा गाळ होता. काढला, भिंती धुतल्या आणि पुन्हा तिथेच राहिलो. घर जात नाही हो कुठे."

त्यांचं खरं होतं. त्यांचं घर गेलं नव्हतं. पेठेतला माणूस, त्याच्या लेखी पाणी ओसरलं की खाली आपली जागा तशीच असते. आणि आम्ही बाकीच्या दोघी फ्लॅटमधल्या, आमची जागा मुळातच हवेत. सरुबाईंचं काय, ते आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही.

जयसिंगने विचारलं, "नक्की?" त्याचा आवाज बरोबर नव्हता. आम्ही हो म्हणालो. सुनीतीने फासा टाकला आणि मोठा आकडा पडला. बांध फुटला.

मग तो एकेकाला विचारत गेला. काकांनी दावी कापून गुरं टेकडीवर हाकली. मी पोरं गोळा केली. सुनीती वेशीवर थांबून शेवटच्या माणसाला बाहेर काढत होती. मग तो आईकडे वळला.

"आई, पानी यायला लागलंय. तू काय करतीस?"

"मी हाय की हितंच."

"टेकडीवर समदी गेली."

"जाऊ देत. मी कशाला जाऊ? माझं घर हाय."

सुनीती पुढे वाकली. "आजी, अहो थोडाच वेळ. पाणी गेलं की परत यायचंय इथेच."

सरुबाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. त्या अगदी शुद्धीत होत्या, हे मी कुणाच्याही समोर सांगेन. "मागच्या बारीबी ह्येच म्हनला हुता जयशाचा बा. चार म्हयनं भाड्याच्या खोलीत काढ, मंग हितंच यायचं हाय. आलो का?"

जयसिंगच्या हातात फासा होता. आणि मग एक गोष्ट घडली ती मी कधी विसरणार नाही. श्यामसुंदरकाकांनी, त्याच श्यामसुंदरकाकांनी, आपला वाचून झालेला पेपर उघडला आणि जयसिंगच्या पुढ्यात उभा धरला. कागद वाजत होता. "जयसिंगराव," ते म्हणाले, "यामागे टाका. काय पडायचं ते पडू दे. आम्ही बघत नाही."

म्हणजे आकडा कसाही पडो, तू म्हण काहीही. पाणी दुसरीकडे वळलं म्हण, म्हातारीला कुणीतरी उचलून नेलं म्हण. मीही मनात हेच म्हणत होते, टाक रे बाबा, टाक एक खोटा फासा, कोण विचारतंय तुला. मला त्याचा इतका राग आला की हात धरून फासा टाकायला लावावा असं वाटलं.

जयसिंगने पेपर हाताने खाली केला. काकांच्या हातातून काढून घेतला नाही, नुसता खाली केला. "काका, तिला आजवर समद्यांनी उचलूनच आनली," तो म्हणाला. मग आईकडे वळून त्याने विचारलं, "नक्की?"

"व्हय."

फासा त्याने टाकलाच नाही. जिथे माणसाने ठरवलंय तिथे फाशाचं काम नसतं, हा त्याचाच नियम. त्याने पाणी सांगायला सुरुवात केली. घाई नाही, आरडाओरडा नाही. पाणी पिंपरणीपाशी आलं. तू काय करतीस? "दार उघडं ठेवते." पाणी अंगणात आलं. "कोंबड्या डालून हायती, त्यास्नी सोडते." पाणी ओट्याला लागलं. "दिवा लावते." पाणी उंबऱ्याच्या आत आलं, आई. "येऊ दे. मी बसलीया." पुढे त्याने विचारलं नाही. गाव पाण्याखाली गेलं, फौज गेली, टेकडीवरची माणसं वाचली, एवढं त्याने सांगितलं आणि तोंड दुसरीकडे केलं. इतकं चांगलं त्याने कधीच सांगितलं नव्हतं, आणि ते मी त्याला कधी बोलून दाखवलेलं नाही. सुनीती रडत होती. काका पेपरच्या घड्या घालत होते, घालून झाल्या तरी घालत होते.

सरुबाई उठल्या, म्हणाल्या, "चला, च्या ठेवते." त्या काही चहा ठेवायला गेल्या नाहीत. जयसिंग त्यांना हाताला धरून वर घेऊन गेला.

त्या दिवसापासून सरुबाईंनी संध्याकाळी चपला घातल्या नाहीत. बुधवारी नाही, गुरुवारी नाही, पुढच्या आठवड्यातही नाही. जेवतात, झोपतात, बाल्कनीत बसतात. घरी कधी जायचं हा प्रश्नच संपला. घरातल्यांना हायसं वाटलं. डॉक्टर म्हणाले, शांत झाल्यात. सोसायटी म्हणते, खेळ सुटला आणि म्हातारी सुधारली. सोसायटीला अक्कल कधी होती?

आम्ही दोन-तीनदा जमलो. जयसिंग कुलूप काढून द्यायचा आणि जायचा. मग आम्हीही बंद केलं. फासे सुनीतीने त्याच्याकडेच राहू दिले.

परवा काही कामाने मी त्यांच्याकडे गेले होते, दिवे लागले होते. सरुबाई बाल्कनीत, जयसिंग दाराशी. त्याने त्यांच्या चपला पुसून उंबऱ्यापाशी जोडून ठेवल्या होत्या. जयसिंगची बायको म्हणाली, हे हल्ली रोज ठेवतात. मला बघून तो थोडा वरमला, पण थांबला नाही. आईजवळ जाऊन खाली बसला आणि म्हणाला, "आई, घरी जायाचं का?"

सरुबाईंनी चपलांकडे बघितलं. मग त्याच्याकडे बघितलं, एखाद्या लहान पोराची समजूत काढावी तसं.

"कुटं रं?" त्या म्हणाल्या. "पान्यात गेलं की त्ये. तूच न्हाय का सांगितलंस?"